खाल्लेला कांदा अंगी किती लागतो?

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज चालू. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने त्यांना क्वेर्सेटिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणून दिल्या. सासूबाईंनी बाटलीवरचं नाव नातवाकडून शोधून घेतलं आणि जाहीर केलं, "हे तर कांद्यात असतं म्हणे. मग मी कांदाच खाईन की!" ताई विचारतात: कांद्यातलं हे द्रव्य शरीरात खरंच किती जातं? शिजवल्यावर काही उरतं का? दूध घातलेल्या चहातलं, सोलकढीतलं जातं का? आणि कॅप्सूलचं काय करायचं?

कॅप्सूलकडे शेवटी येते. आधी सासूबाईंचं. त्यांचा निर्णय बरोबर आहे, पण 'कांद्यात भरपूर असतं' हे त्याचं कारण नाही. ते तिथे ज्या रूपात असतं, ते रूप आतड्याला जास्त मानवतं, हे खरं कारण.

'अंगी लागणं' हा आपला शब्दप्रयोग भाताला, डाळीला, तुपाला चपखल बसतो. भाताचं ग्लुकोज होतं, डाळीची अमिनो आम्लं होतात, आणि शरीर ती हक्काने ठेवून घेतं. क्वेर्सेटिन ज्या कुळातलं आहे त्या फ्लेव्होनॉइड द्रव्यांचं तसं नाही. झाडं ती स्वतःसाठी तयार करतात: उन्हापासून संरक्षण, कीड-बुरशीशी सामना, फुलाफळांचा रंग. आपल्या शरीराच्या लेखी ती परकीच. औषधाच्या गोळीला जी वागणूक मिळते तीच यांना मिळते. आत घेता घेताच बाहेर काढायची तयारी सुरू होते. १९३६ साली अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने यांना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं. पण ती मिळाली नाहीत म्हणून अमुक एक रोग होतो, असं काही दाखवता आलं नाही आणि १९५०च्या सुमारास ते नाव मागे पडलं. त्यामुळे यांची 'कमतरता' भरून काढायची भाषा कुणी केली तर सावध व्हा.

आता आतड्यात काय होतं ते पाहू. फ्लेव्होनॉइडचा मूळ सांगाडा १५ कार्बनचा, तीन कड्यांचा. वनस्पतीत तो बहुधा एकटा नसतो, त्याला साखरेचा एखादा रेणू जोडलेला असतो. (चहा आणि कोकोमधली कॅटेचिन याला अपवाद, ती साखरेशिवाय असतात.) साखर जोडली की द्रव्य पाण्यात विरघळतं, झाडाला साठवायला सोपं जातं. पण हा साखर लागलेला रेणू आतड्याच्या पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरत नाही. आधी साखर तोडावी लागते. ती कुठे आणि कोण तोडतं, यावर पुढचा सगळा प्रवास ठरतो.

कांद्यात क्वेर्सेटिनला साधं ग्लुकोज जोडलेलं असतं. लहान आतड्याच्या आतल्या कडेवर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं. दुधातली साखर फोडणारं तेच हे. कांद्यातलं ग्लुकोजही ते तोडतं. साखर सुटली की क्वेर्सेटिन शेजारच्याच पेशीत झिरपतं. दूध न पचणारे लोक इथे लगेच विचारतात, "म्हणजे आम्हाला कांदाही लागत नाही का?" तसं नाही. पेशीच्या आतही साखर तोडणारं दुसरं एक एन्झाइम असतं, आणि उरलेलं काम पुढे जिवाणू करतात.

संत्र्या-मोसंब्यातल्या हेस्पेरिडिनला मात्र ग्लुकोजच्या पुढे रॅम्नोज नावाची आणखी एक साखर जोडलेली असते. ही जोडी तोडणारं हत्यार आपल्या लहान आतड्याकडे नाही. म्हणून ते न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथले जिवाणू ती साखर काढतात. मुंबईकरांच्या भाषेत सांगायचं तर कांद्याचं क्वेर्सेटिन दादरला उतरतं, संत्र्याचं हेस्पेरिडिन कर्जतपर्यंत बसून राहतं.

हा फरक किती मोठा आहे, ते १९९५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजलं. त्यासाठी त्यांनी मोठं आतडं काढलेले नऊ स्वयंसेवक निवडले. या लोकांचं लहान आतडं पोटावरच्या छिद्रातून पिशवीत रिकामं होतं, त्यामुळे जिवाणूंनी ढवळाढवळ करण्याआधीच 'गेलं किती, बाहेर आलं किती' याचा हिशेब लावता येतो. कांद्यातल्या क्वेर्सेटिनचा ५२ टक्के भाग आत गेला. साखर नसलेलं शुद्ध क्वेर्सेटिन, म्हणजे साधारण कॅप्सूलमध्ये असतं ते, २४ टक्के. रॅम्नोजवालं रूप १७ टक्के. शुद्ध माल निम्म्याहून कमी शोषला जातो आणि साखर लागलेला जास्त, हे त्या वेळी अनेकांना पटलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात उलटं लिहिलेलं असायचं. पुढे त्याच गटाने रक्तातली पातळी मोजली. कांदा खाल्ल्यावर पाऊण तासाच्या आत ती शिगेला पोचली, सफरचंदानंतर अडीच तासांनी, रॅम्नोजवाल्या रूपानंतर नऊ तासांनी. कांद्यातलं क्वेर्सेटिन रक्तातून निम्मं व्हायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे रोजच्या जेवणात थोडा कांदा असेल तर रक्तातली पातळी बऱ्यापैकी टिकून राहते. एकदम किलोभर खाण्यात काही हशील नाही.

पण ५२ टक्के आत गेलं म्हणजे तेवढं क्वेर्सेटिन रक्तात फिरतं, असं समजू नका. दादरला उतरणाऱ्याला चढणारी गर्दी पुन्हा डब्यात ढकलते, तसे आतड्याच्या पेशीतले पंप आत आलेला बराच माल परत आतड्यात ढकलतात. जो टिकतो त्याला पेशीतच ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल गट चिकटवला जातो. राहिलेलं काम यकृत करतं. असा शिक्का बसला की द्रव्य पाण्यात चटकन विरघळतं आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे निघून जातं. पित्तातून गेलेलं पुन्हा आतड्यात येतं, जिवाणू शिक्का काढतात, थोडं परत शोषलं जातं. रक्तात मूळ रूपातलं मोकळं क्वेर्सेटिन जवळजवळ नसतंच. सगळी मिळून पातळीही फार नसते: ५० मिलिग्रॅम खाल्ल्यावर लिटरमागे फार तर एखाद-दोन मायक्रोमोल, आणि काही फ्लेव्होनॉइडची त्याच्याही पुष्कळ खाली.

हे समजल्यापासून काचनळीतल्या प्रयोगांवरच्या बातम्या मी वेगळ्या नजरेने वाचते. पेशींवर शुद्ध क्वेर्सेटिन ओतायचं, तेही रक्तात कधीच नसेल इतक्या प्रमाणात, आणि मग 'कांद्याने कर्करोगाच्या पेशी मरतात' असा मथळा. परळच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून मी २२ वर्षं काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखालीही पदार्थांच्या 'अँटिऑक्सिडंट क्षमते'चा छापील तक्ता होता. जांभूळ वर, केळं खाली, असा. रुग्ण बोट ठेवून विचारायचे आणि मी ऐटीत उत्तर द्यायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली आपला तसला तक्ता संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण नळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नाही. मीही माझा काढला. काचेवर त्याचा चौकोनी डाग मात्र बरीच वर्षं राहिला.

मग हे सगळं वायाच जातं का? इथे कर्जतला उतरणाऱ्यांची गोष्ट सुरू होते, आणि मला विचाराल तर अलीकडच्या संशोधनातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू साखर तर काढतातच, शिवाय तीन कड्यांचा सांगाडाही मोडतात. त्यातून छोटी फिनॉलिक आम्लं तयार होतात. चहा-कोकोच्या कॅटेचिनपासून व्हॅलेरोलॅक्टोन नावाची द्रव्यं होतात. ही छोटी द्रव्यं सहज शोषली जातात आणि रक्तात मूळ द्रव्यापेक्षा जास्त प्रमाणात, जास्त वेळ सापडतात. 'शोषण फक्त एक-दोन टक्के' असे जे आकडे काही फ्लेव्होनॉइडबद्दल सांगितले जायचे, ते मूळ रूपच शोधत बसल्यामुळे. चिल्लर मोजलीच नव्हती.

जिवाणू प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे एकच घास दोघांना सारखा लागत नाही. सोयाबीनमधल्या डेडझिनचं उदाहरण घ्या. त्याचं इक्वोल नावाचं दुसरं द्रव्य करणारे जिवाणू पाश्चात्त्य देशांत चारांपैकी जेमतेम एकाच्या पोटात असतात, जपान-कोरियाकडे निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांच्या. एका घरात नवऱ्याच्या पोटात आहेत, बायकोच्या नाहीत, असंही होतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की हे चित्र काही काळ बदलतं.

आणि शेवटी हे जातं कुठे? २००१ साली अमेरिकेत स्वयंसेवकांना किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं क्वेर्सेटिन देऊन त्याचा माग काढला. माणसामाणसांत फरक होता, पण सरासरी निम्म्याच्या आसपास कार्बन श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला. कांदा खाल्ल्यावर तोंडाला वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा. पण क्वेर्सेटिनही अखेर बिनवासाचं होऊन श्वासातूनच निघून जातं.

सोलकढीकडे वळू. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, जांभळाचाही त्याच कुळातला. हे फ्लेव्होनॉइड फार लहरी असतात. आंबट पाण्यात लाल आणि टिकाऊ, आंबटपणा उतरला की रंग बदलून विघटन. घरी करून पाहा: थोड्या कोकम आगळात चिमूटभर खायचा सोडा टाका, लाल रंग जाऊन निळसर-मळकट छटा येईल. पोटातली आम्लता संपून अन्न लहान आतड्यात उतरलं की थोडंफार असंच होतं. म्हणून मूळ रूपातलं अँथोसायनिन रक्तात एक टक्काही दिसत नाही, आणि कित्येक वर्षं 'हे शोषलंच जात नाही' असं मानलं गेलं. २०१३ साली खुणेचा कार्बन वापरून आठ पुरुषांवर प्रयोग झाला, तेव्हा तुकड्यांसकट हिशेब केला तर सुमारे १२ टक्के शरीरात गेलेलं दिसलं. त्या प्रयोगातलं द्रव्य, सायनिडिन-३-ग्लुकोसाइड, कोकमातही असतं. तर सोलकढी जरूर प्या, माशाच्या जेवणावर तिच्यासारखं दुसरं काही नाही. बाजारातल्या सरबताच्या बाटलीत मात्र कोकमापेक्षा साखर किती ते आधी वाचा.

चहा. आपण सीटीसीची भुकटी उकळतो. काळा चहा बनतानाच हिरव्या पानातली बरीचशी कॅटेचिन एकमेकांना जोडली जाऊन मोठमोठे रेणू होतात आणि ते लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, थेट कर्जत. दुधाबद्दल मात्र उगाच भीती घातली जाते. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅटेचिनला धरून ठेवतं हे खरं, पण १९९८ साली रक्तात मोजून पाहिलं तेव्हा दुधासह आणि दुधाविना चहात फरक आढळला नाही. पोटात केसीन पचतं आणि पकड सुटते. उलट २००७ साली बर्लिनमधल्या १६ स्त्रियांवरच्या प्रयोगात कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या आणि दूध घालताच तो परिणाम गेला. या दोन प्रयोगांवरून तुमच्या सासूबाईंचा कटिंग बंद करायला मी सांगणार नाही. मी सांगेन ते वेगळंच: चहा जेवणाला लागून नको. चहातली हीच मंडळी वरणभात-भाजीतलं लोह धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. जेवणानंतर तासभर थांबून चहा घेतला तर लोह वाचतं. माझ्याकडे येणाऱ्या किती जणींना गोळ्यांपेक्षा एवढ्याच बदलाची गरज असते.

ज्यूस सेंटरवाल्या पिढीसाठी एक गंमत. कोको, बेरी यांच्यासोबत मिक्सरमध्ये केळं घातलं की त्यातली कॅटेचिन जवळजवळ संपतात. चिरलेलं केळं काळं पाडणारं एन्झाइमच ती खाऊन टाकतं. २०२३ साली छापलेल्या प्रयोगात केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातलं प्रमाण, त्याच द्रव्याची नुसती कॅप्सूल घेतली होती तेव्हाच्या तुलनेत, ८४ टक्क्यांनी कमी निघालं. केळं वाईट नाही, जोडी चुकली. केळं वेगळं खा, किंवा शेकला आंबा-अननस घ्या.

आता स्वयंपाकघर. क्वेर्सेटिन उष्णतेला बरंच टिकतं. कांदा पाण्यात उकळला तर पाव ते तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. पण रस्सा, आमटी, पिठलं यात ते पाणी आपण खातोच, म्हणून नुकसान शून्य. पाणी ओतून दिलं तरच गेलं. मंद आचेवर गुलाबी परतणं उत्तम. बिर्याणीसाठी कुरकुरीत तपकिरी तळला तर मात्र बराच जळतो. फोडणीच्या तेलाची मदतच होते: क्वेर्सेटिन स्निग्धासोबत जास्त शोषलं जातं. म्हणून भाजीतला परतलेला कांदा, कच्च्या कांद्याच्या फोडीपेक्षा मुळीच कमी नाही. खरी नासाडी सोलताना होते. क्वेर्सेटिन सर्वांत जास्त बाहेरच्या पाकळ्यांत असतं, आणि आपल्याकडे कागदी सालीबरोबर दोन चांगले पापुद्रे काढून टाकायची पद्धत आहे. लाल कांद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतं, पांढऱ्यात नगण्य. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा जरूर आणा, गोडव्यासाठी; क्वेर्सेटिन हवं तर नाशिकचा लाल. शेपू आणि कोथिंबीर वजनाच्या मानाने कांद्याच्याही पुढे आहेत. संत्र्याचं हेस्पेरिडिन फोडींवरच्या पांढऱ्या शिरांमध्ये दाटलेलं असतं, तेव्हा शिरा सोलत बसू नका आणि रस गाळू नका.

राहिली कॅप्सूल. ५०० मिलिग्रॅम म्हणजे सव्वा ते अडीच किलो लाल कांद्याइतकं, तेही कमी शोषल्या जाणाऱ्या रूपात. एवढ्या मोठ्या मात्रेने काही चाचण्यांत वरचा रक्तदाब दोन-तीन अंकांनी उतरलेला दिसला आहे, ते मी नाकारत नाही. पण सासूबाईंची गोळी त्याहून जास्त उतरवते आणि तिच्यावर कित्येक पट मोठ्या चाचण्या झालेल्या आहेत. जेवणातलं प्रमाण शरीर रोज हाताळत आलं आहे. अर्काची मात्रा त्याच वाटेवर एकदम धडकते, आणि ती वाट औषधांचीही आहे: तेच पंप, तेच शिक्के मारणारे एन्झाइम. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पस्तिशीचे एक गृहस्थ आले होते, वजन उतरवायला उपाशीपोटी ग्रीन टी अर्काच्या गोळ्या घेत होते. यकृताच्या तपासण्या बिघडल्या म्हणून डॉक्टरांनी पाठवलं. गोळ्या थांबवल्या आणि दोन महिन्यांत आकडे जागेवर आले. हिरव्या चहातल्या ईजीसीजी या मुख्य कॅटेचिनची दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा पूरक गोळ्यांतून गेली तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली म्हटलेलं आहे. कपातून पिणाऱ्यांना ही चिंता नाही.

सासूबाईंना दोन गोळ्या चालू आहेत म्हणून आणखी एक. गौरी-गणपतीत बाजारात पपनस येतं. त्याच्या नात्यातल्या ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या एका गोळीची रक्तातली पातळी भलतीच वाढते, हे १९८९ साली योगायोगाने कळलं. आधी संशय त्यातल्या नॅरिंजिन या फ्लेव्होनॉइडवर होता. खरे दोषी निघाले फ्युरॅनोकुमरिन, आणि ती पपनसातही असतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनाही हे लागू आहे. प्रसादाची एक फोड खाल्ली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण रोज वाटीभर नको. कुठली गोळी आहे ते दाखवून डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

तेव्हा ताई, बाटली फोडली नसेल तर भाच्याला प्रेमाने परत द्या. फोडली असेल तर पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर ठेवा, त्या किती दिवस घेतल्या तेही सांगा, आणि तोवर थांबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे पुढच्या तपासणीवर ढकलू नका, आजच फोन करा. सासूबाईंना भाजीत अर्धा-एक लाल कांदा, आठवड्यातून दोनदा शेपू आणि वरून मूठभर कोथिंबीर पुरे. आणि कांदा सोलायला त्यांच्या हातात दिलात, तर दुसऱ्या पापुद्र्याला त्यांचा हात धरा.